‘दारूचं नंतर बघू’ हे वॉर्डात का चालत नाही

काटोल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मजकूर मोठा होता, थोडक्यात सांगते. त्यांचा मोठा भाऊ ३८ वर्षांचा. आठ वर्षांपासून बायपोलरचा आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य), मूड स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी चालू. गेल्या दोनेक वर्षांत दारू फार वाढली. दहा दिवसांपूर्वी झोप उडाली, बडबड सुरू झाली, बागेतल्या मृग बहाराचे आलेले पैसे दोन दिवसांत उधळले, म्हणून नागपुरात मानसोपचाराच्या वॉर्डात भरती केलं. तिसऱ्या रात्री ‘भिंतीवर किडे चढून राहिले’ म्हणून ओरडायला लागला, हात बांधावे लागले. आता शांत आहे. डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आला, दारूसाठी सुटी झाल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात न्या. केंद्रवाले म्हणतात, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेला पेशंट आम्ही घेत नाही, त्या बंद करून आणा. शेजारच्या गावात चहातून द्यायची पावडर मिळते, ती द्यावी का? आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न आहे, तिथं त्याला न्यावं का?

ताई, आधी दोन गोष्टी, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. ती पावडर देऊ नका. आणि कुणीही सांगितलं तरी लिथियम परस्पर बंद करू नका. बाकीचं आता सावकाश बोलू.

तिसऱ्या रात्री जे झालं ते बहुधा बायपोलरचं नव्हतं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते आणि मेंदू रोज उलटा जोर लावून तोल सांभाळतो. भरती झाल्यावर दारू एकदम तुटते. दाब निघून जातो, जोर तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप न येणं सुरू होतं. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि ४८ ते ९६ तासांत, म्हणजे भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतं. दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, किडे, उंदीर, साप दिसतात, ताप येतो, नाडी धावते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो, म्हणून मानसोपचाराच्या वॉर्डात ही सगळ्यात मोठी तातडीची गोष्ट समजली पाहिजे.

कळमना बाजारातला एक हमाल मला आठवतो (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). तिसऱ्या रात्री तो पलंगावर मांडी घालून बसला होता. चादरीवरून काहीतरी दोन-दोन करून उचलायचा आणि शेजारच्या रिकाम्या जागेत अगदी हलक्या हातानं ठेवायचा. मधेच एखादं नाकाशी न्यायचा आणि पलंगाखाली टाकायचा. मी विचारलं, “काय करून राहिले भाऊ?” मान वर न करता म्हणाला, “संत्रे भरून राहिलो ना मॅडम. गाडी लागली हाय. बोलू नका, मोजणी चुकते.” सडलेलं संत्रं तो वासावरून वेगळं काढत होता. डिलिरियममध्ये माणूस पुष्कळदा आपलं रोजचंच काम करत बसतो. शिंपी शिवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. उन्मादातला पेशंट असा दिसत नाही. तो कुठेही असला तरी आपण कुठे आहोत हे त्याला माहीत असतं, उलट तिथला साहेब आपणच असल्यासारखा वागतो. भान सुटलं असेल तर शरीराकडे बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम.

हा नियम मी चूक करून शिकले. रेसिडेंट डॉक्टर असताना माझ्याकडे उन्मादाचा एक पेशंट आला होता. ‘दारू घेतात का?’ बायको म्हणाली, नाही. मी केसपेपरवर ‘नाही’ लिहिलं आणि पुढे गेले. दुसऱ्या रात्री त्याचा हात थरथरायला लागला, मला वाटलं उन्मादासाठी दिलेल्या हॅलोपेरिडॉलमुळे असेल. त्याची बेचैनी वाढली, मला वाटलं उन्माद वाढतोय, म्हणून मी हॅलोपेरिडॉलच वाढवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला फिट आली. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी फिट येण्याची शक्यता आणखी वाढते. त्याला हवं होतं दारू तुटल्याचा त्रास शमवणारं लोराझेपाम, आणि मी देत होते भलतंच. नंतर बायको जिन्यात उभी राहून रडत म्हणाली, “रोज अद्धा लागत होता. पण दारुड्याला भरती करत नाहीत असं ऐकलं होतं.” तो वाचला. तेव्हापासून ‘घेता का?’ हा प्रश्न मी विचारत नाही. ‘दिवसाला पव्वा पुरतो की अद्धा लागतो?’ असं विचारते. ‘सकाळचा पहिला घोट किती वाजता?’ ‘घेतली नाही तर हात हलतात का?’ ‘मागं कधी बंद केली तेव्हा फिट आली होती का?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर या वेळी जास्त सांभाळावं लागतं.

प्रमाणाचा हिशेबही सांगते, कारण ‘फक्त एक पव्वा’ हे वाक्य मी आठवड्यात दहा वेळा ऐकते. १८० मिलीचा पव्वा, बाटलीवर अल्कोहोल ४२.८ टक्के छापलेलं. म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर सहा ड्रिंक. मोहाच्या दारूवर काही छापलेलं नसतं, तिथं ग्लास मोजून अंदाज येत नाही, हाताची थरथरच सांगते. आणि वर्धा-गडचिरोलीकडचे नातेवाईक ‘आमच्याकडं दारूबंदी हाय’ म्हणाले तरी मी विचारायचं सोडत नाही. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, त्या सहा वर्षांतही तिथून येणारे पेशंट थरथरत होतेच.

तुमचा भाऊ लिथियमवर आहे म्हणून थरथरीबद्दल थोडं अजून, कारण घरीही तुम्हाला ती दिसणार आहे. दारू तुटल्याची थरथर असते तेव्हा तळवे घामेजलेले असतात, नाडी १०० च्या वर असते, जीभ बाहेर काढायला सांगितली तर तीही थरथरते, आणि शेवटच्या घोटाला फार दिवस झालेले नसतात. लिथियमची थरथर बारीक असते. चहाचा कप उचलला, सही करायला घेतली की दिसते, एरवी माणूस ठीक असतो. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांची थरथर हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना दिसते. अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलतात, चाल मंदावते, अंग ताठरतं. यातली लिथियमची बारीक थरथर अचानक मोठी झाली, सोबत जुलाब किंवा उलट्या, बोलणं जड, चालताना झोकांड्या, तर ती लिथियमची विषबाधा असू शकते. लोक म्हणतात, ‘आज पिऊन आलेला दिसतो.’ तोंडाला वास नसेल तर तेवढ्यावर सोडू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि रक्तातली लिथियमची पातळी तपासून घ्या.

डिलिरियम आवरण्यासाठी त्याला लोराझेपाम किंवा डायझेपामच्या गटातलं औषध दिलं असेल. ते वॉर्डात जीव वाचवतं, आणि पाच-सात दिवसांत उतरवत बंद करायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा तसलं काही महिन्याभरासाठी लिहिलेलं दिसलं तर विचारा, हे कधी बंद करायचं? दारू सुटून त्या गोळीची सवय लागलेले पेशंट माझ्याकडे कमी नाहीत. दारू आणि ती गोळी एकत्र घेणारे तर त्याहून वाईट अवस्थेत येतात, कधी श्वास मंदावलेला असतो.

दुसरी चौकशी थायमिनची करा, म्हणजे व्हिटॅमिन बी-१. रोज पिणारा माणूस जेवत नाही, जेवलं तरी आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, आणि शरीरातला साठा काही आठवडेच पुरतो. साठा संपला की माणूस गोंधळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो. पुस्तकातली ही तिन्ही लक्षणं एकत्र मोजक्याच पेशंटमध्ये दिसतात, म्हणून वाट न बघता इंजेक्शनानं थायमिन द्यायचं, आणि ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यायचं. हे राहून गेलं तर नवीन काही लक्षातच न राहण्याचा कायमचा आजार होऊ शकतो. पन्नाशीच्या आतली माणसं ‘जेवलो का मी?’ असं दर अर्ध्या तासानं विचारताना मी बघितली आहेत. इंजेक्शन स्वस्त असतं, सगळीकडे मिळतं.

हात बांधल्याचं तुम्ही दोनदा लिहिलं आहे, त्यामुळे ते तुम्हाला लागलं असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. इतर प्रकारे बांधायचं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतंच, आणि नोंद करून. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (म्हणजे त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं असतं. ती नोंद बघायला मागा. पण त्या रात्री बांधलं म्हणून कुणावर राग धरण्याआधी हेही बघा की डिलिरियममधला माणूस सलाइन उपटून खिडकीकडे धावतो.

आता मूळ मुद्दा. वॉर्ड म्हणतो दारूचं नंतर, केंद्र म्हणतं मनाच्या गोळ्या आधी थांबवा. दोघांच्या मधल्या रस्त्यावर तुमचा भाऊ उभा आहे, आणि त्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे. गणेशपेठ स्टँडवर काटोलच्या बसची वाट बघता बघता पुन्हा प्यायलेला पेशंट मला स्वतः फोन करून सांगतो, ‘मॅडम, सुटी होऊन दोन तास झाले होते.’ वॉर्डातले हे दिवस तुमचा भाऊ प्यायला नाही, कारण तिथं मिळत नव्हती. एवढ्यावर ‘दारू सुटली’ म्हणता येत नाही. पण या दिवसांत त्याचं डोकं जितकं स्वच्छ आहे तितकं वर्षभरात नसेल. लिव्हर, किडनीच्या तपासण्या झालेल्याच आहेत, घरचे समोर आहेत. दारूची ओढ कमी करणारं औषध सुरू करायला यापेक्षा सोयीचा वेळ मिळणार नाही. ते सुटीच्या आधी, वॉर्डातच सुरू व्हायला हवं. माझं या बाबतीत ठाम मत आहे आणि माझ्याच काही सहकाऱ्यांना ते घाईचं वाटतं. ते म्हणतात, उन्माद नीट उतरू द्या, पेशंट स्वतः ‘सोडायची’ म्हणू दे. मी म्हणते, इच्छा पक्की व्हायची वाट बघत आपण त्याला रिकाम्या हातानं घरी पाठवतो. एम्स दिल्लीनं केलेल्या, २०१९ मध्ये अहवाल आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूचं अवलंबन असलेल्या दर ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आढळलं. तुमचा भाऊ आज रुग्णालयाच्या पलंगावर आहे. त्याला त्या ३७ जणांत परत ढकलायचं कशाला?

आणि बायपोलरसोबत दारू हा काही योगायोगानं जुळलेला जोड नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्या-अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९० मध्ये आले, बायपोलरचा तीव्र प्रकार असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा आजार झालेला होता. स्किझोफ्रेनियात ते प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. उन्मादात माणूस जोशात पितो, नैराश्यात झोपेसाठी पितो, आणि पिण्यानं झोप मोडते, झोप मोडली की पुन्हा उन्माद येतो. गोल फिरणारी गोष्ट अर्ध्यात धरून सोडवता येत नाही.

नैराश्याचं मात्र थोडं वेगळं आहे, इतर वाचकांसाठी लिहिते. दारू स्वतःच माणसाला उदास करते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारूसाठी भरती झालेल्या पुरुषांपैकी ४२ टक्क्यांना भरतीच्या वेळी ठळक नैराश्य होतं, दारूविना चार आठवडे गेल्यावर ते ६ टक्क्यांतच उरलं. म्हणून आधी कधी नैराश्य आलेलं नसेल तर दोन ते चार आठवडे बघून मग गोळीचं ठरवायला हरकत नसते. दारू नव्हती तेव्हाही नैराश्य आलं होतं, किंवा मरणाचे विचार आहेत, तर थांबायचं नाही. आणि तेव्हाही दोन्हीचं औषध एकत्र दिलेलं बरं. २०१० मध्ये १७० पेशंटवर झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन (नैराश्यावरची गोळी) आणि नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारी गोळी) दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के दारूपासून दूर राहिले, एकच औषध किंवा रिकामी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २१ ते २८ टक्के होतं. तुमच्या भावाला सर्ट्रालिन नको, बायपोलरमध्ये अशा गोळीनं उन्माद उसळू शकतो. पण ‘दोन्ही एकत्र’ हा धडा त्यालाही लागू आहे.

त्याच्यासाठी मी काय विचारात घेतलं असतं? नाल्ट्रेक्सोन, ५० मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणानंतर. मळमळ होते म्हणून पहिले काही दिवस अर्धी गोळी. पिण्यातून जी मजा येते ती या गोळीनं फिकी पडते. प्यायली तरी त्रास होत नाही, पण ‘दुसरा पेग’ मागणारा आतला आवाज बारीक होतो, असं पेशंट सांगतात. लिथियमसोबत चालते. लिव्हरला तीव्र सूज असेल तर देत नाही. आणि एक गोष्ट पक्की विचारायची: कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल चालू आहे का? ट्रामाडॉल किंवा अफूच्या गटातलं कुठलंही औषध चालू असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर पेशंट काही मिनिटांत तळमळायला लागतो. बागेत फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या खिशात ट्रामाडॉल असू शकतं, म्हणून खिसा रिकामा करून बघा. बायपोलरमधले नाल्ट्रेक्सोनचे अभ्यास छोटे आहेत हेही खरं, म्हणून चमत्काराची अपेक्षा नको.

लिव्हर फार खराब असेल तर अ‍ॅकॅम्प्रोसेट. दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, म्हणजे रोज सहा. ते किडनीतून बाहेर पडतं, आणि लिथियमच्या पेशंटची किडनी तशीही तपासायचीच असते. सहा गोळ्या रोज कोण घेतं, हा त्याचा खरा प्रॉब्लेम. लिथियमच्या जोडीला व्हॅल्प्रोएट, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध, द्यायचाही विचार होऊ शकतो. २००५ मध्ये बायपोलर आणि दारू दोन्ही असलेल्या ५९ पेशंटवर २४ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात व्हॅल्प्रोएटनं भरपूर पिण्याचे दिवस कमी झाले. पण तेही लिव्हर बघूनच.

आणि डायसल्फिराम. इथं तुमच्या पावडरीकडे येते, कारण तीत हेच असू शकतं. ही गोळी घेतलेल्या माणसानं दारू घेतली की अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साचतं. चेहरा लाल, डोकं फुटतंय असं वाटणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हे माहीत असलेला माणूस भीतीनं पीत नाही, आणि औषधाचा उपयोग आहे तो एवढाच. चहातून दिली तर त्याला माहीतच नसतं, भीती कुठून येणार? तो नेहमीसारखा पितो आणि कोसळतो, आणि तुम्ही धावत दवाखान्यात गेल्यावर खरं सांगायची लाज वाटते. शिवाय डायसल्फिराम मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा हिशेब बदलतं, मानसिक आजार असलेल्याला त्यानं भास-संशय सुरू होऊ शकतात. गोळीचा असर बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ‘न सांगता दारू सोडवा’ असं भिंतीवर लिहिलेल्या त्या पुड्यांत नेमकं काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. आणि समजा नुसती हळदच निघाली, तरी ज्या दिवशी भावाला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचा चहा पिणार नाही, आणि लिथियमही घेणार नाही. माझ्याकडे एक गृहस्थ वर्षभर घरचं पाणीसुद्धा स्वतः भरून प्यायचे. आजारातला संशय समजून आम्ही औषध वाढवत राहिलो. नंतर कळलं, संशय अगदी खरा होता.

केंद्राचं सांगायचं तर, ‘गोळ्या बंद करून आणा’ म्हणणाऱ्या ठिकाणी त्याला नेऊ नका. २०१७ च्या कायद्यात दारूशी जोडलेले मानसिक विकार मानसिक आजारातच धरले आहेत. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, रात्री कुणाला फिट आली तर काय करतात, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला उत्तर अडखळलं तर परत फिरा. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स या सगळीकडे मानसोपचार विभाग आहेत, दोन्ही आजार एकाच ओपीडीत बघितले जातात. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा परस्परमदत गट) बैठका मला आवडतात, मी पेशंटना पाठवते. तिथं एखादा जुना सभासद ‘गोळी म्हणजे पण नशाच’ असं सांगतो, तेव्हा भावाला एवढं माहीत असू द्या की सभासदांनी डॉक्टरकी करू नये अशी एएची स्वतःचीच भूमिका आहे.

आता एक गोष्ट, जी डिस्चार्ज कार्डावर कधी नसते. आम्ही डॉक्टर सर्रास सांगतो, ‘दारूवर गोळी घेऊ नका.’ पेशंट ते मनापासून पाळतो. म्हणजे कसं, तर संध्याकाळी प्यायचं ठरलं की सकाळपासून गोळी घेत नाही. आठवड्यात चार दिवस पितो, चार दिवस लिथियम नाही. महिन्यात उन्माद परत. मग सगळे म्हणतात गोळी लागू पडत नाही. हे मला एका पेशंटच्या आईनं समजावलं, तिनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवर वार लिहून ठेवले होते. त्यामुळे वॉर्डातल्या डॉक्टरांना आजच विचारून लिहून घ्या: ‘घसरला आणि प्यायला, तर त्या रात्री कुठली गोळी द्यायची, कुठली नाही?’ माझं साधारण उत्तर असं असतं: नाल्ट्रेक्सोन आणि मूड स्थिर ठेवणारी गोळी चालू ठेवायची, झोपेची गोळी त्या दिवशी अजिबात नाही, आणि उलट्या-जुलाब असतील तर लिथियम थांबवून आधी फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांचं उत्तर त्याच्या तपासण्यांवरून थोडं वेगळं असू शकतं, पण कागदावर असलं पाहिजे. प्यायल्यानंतरच्या डोकेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्यानं लिथियमची पातळी चढते.

सुटीआधी तुम्ही घरी बसून एक काम करा, ते आमच्यापैकी कुणाला जमणार नाही. वहीचं एक पान आडवं धरा. वर वर्षं लिहा, आठ वर्षांची. खाली आजाराचे झटके, त्याखाली दारू कधी वाढली, कधी बंद होती. पोळ्याला, लग्नसराईत, बहाराचे पैसे आल्यावर, असं तुम्हाला आठवेल तसं. दारू पूर्ण बंद असलेल्या महिन्यांत झटका आला होता का, हे त्यातून दिसेल. असं पान घेऊन येणारे नातेवाईक मला क्वचित भेटतात, आणि त्या दिवशी माझं काम निम्मं होतं. पुढची भेट सात दिवसांच्या आत मागा, महिन्यानंतरची नको, पहिला आठवडाच सगळ्यात निसरडा असतो. पिऊन का होईना, तो ‘जगून काय करू’ म्हणाला, तर दारूचं बोलणं म्हणून सोडू नका. रात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिलं लग्न. न्या. न नेलं तर गाव विचारणार आणि तो घरी एकटा बसणार, ते जास्त वाईट. पण लग्न लागताना न्या, वरातीला नको. आदल्या रात्री पोरं टेम्पोमागं बसतात तिथं नको. कुणी ‘एकच घे ना बे, बहिणीचं लग्न हाय’ म्हणेल, तेव्हा काय म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवा. ‘लिव्हरची गोळी चालू हाय, डॉक्टरनं मनाई केली’ एवढं पुष्कळ झालं, नाल्ट्रेक्सोनची गोष्ट मांडवात सांगायची गरज नाही. त्याच्यासोबत न पिणारा एक माणूस कायम असू द्या, आणि तो माणूस तुम्हीच असायला हवं असं नाही, जावई चालेल. मेचं ऊन, पारा ४५ च्या आसपास, मांडवात घाम निथळणार. लिथियमवर असलेल्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते, म्हणून पाण्याची बाटली हातात, मठ्ठा चालेल, जेवणात मीठ कमी करायचं नाही. संध्याकाळची गोळी खिशात ठेवा. जेवणं झाली की पाहुण्यांचे निरोप घेत बसू नका, उन्हं उतरायच्या आत निघा. काटोलला परतायला गाडी आधीच सांगून ठेवा.